अडकलेली चावी आणि अख्खा लॉकसेट

इग्निशनमध्ये चावी अडकली की माणूस आधी जोर लावतो. तेवढ्यानं भागलं नाही की पक्कड आणतो. चावी मोडते, अर्धी आत राहते आणि गाडी टो होऊन सर्व्हिस सेंटरला जाते. तिथं एस्टिमेट हातात पडतं: लॉकसेट बदलावा लागेल. म्हणजे इग्निशनचं कुलूप, दारांची कुलपं, डिकीचं कुलूप आणि नव्या चाव्या. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज आहे, आणि असे कागद घेऊन येणारी गिऱ्हाइकं माझ्याकडं नेहमीची. त्यातल्या बहुतेकांना लॉकसेट लागत नाही. लागते ती कुलपातली एखादी पत्ती, नाहीतर कुणीतरी नीट सांगितलेल्या चार गोष्टी. आजच्या व्यवस्थेत नेमकं हेच मिळत नाही, हे माझं गाऱ्हाणं आहे.

बऱ्याचदा कुलूप बिघडलेलं नसतंच, ते आपलं काम करत असतं. चावी काढल्यावर स्टिअरिंग थोडं फिरलं की आतला एक खिळा स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या खाचेत बसतो. चाक फूटपाथला टेकलेलं असेल तर त्या खिळ्यावर ताण येतो आणि मग चावी फिरता फिरत नाही. अशा वेळी एका हातानं स्टिअरिंग डावी-उजवीकडं हलवत राहायचं आणि दुसऱ्या हातानं चावी हलकेच फिरवायची. ताण सुटला की चावी आपोआप फिरते.

दुसरी गोष्ट. हाताच्या गिअरच्या पुष्कळ गाड्यांत चावी ‘एसीसी’वरून ‘लॉक’कडं नेताना आत दाबावी लागते. दाबली नाही तर ती शेवटच्या खुणेपर्यंत जात नाही, आणि तिथं गेल्याशिवाय बाहेर येत नाही. जुनी गाडी विकणारा ही गोष्ट सांगत नाही, घेणारा विचारत नाही. मागं एक शाळेतल्या बाई आल्या होत्या. रात्रभर चावी गाडीतच राहिली म्हणून बिचाऱ्या खिडकीतून गाडीवर नजर ठेवून जागल्या होत्या. मी चावी दाबून, फिरवून, काढून हातात दिली.

“एवढंच होतं?” त्या म्हणाल्या.

“एवढंच, बाई.”

लॉकसेटचं एस्टिमेट मात्र त्यांच्या पर्समध्ये तयार होतं.

ही दाबण्याची सोय कंपनीनं उगाच ठेवलेली नाही. आंबा घाट उतरताना पेट्रोल वाचवायचं म्हणून इंजिन बंद करणारे महाभाग अजून आहेत. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं आणि थोड्याच वेळात ब्रेकही कडक लागतो. त्यात हात चुकून ‘लॉक’पर्यंत गेला आणि चावी निघाली, तर वळणावरच स्टिअरिंग जाम. ते होऊ नये म्हणून चावी अडून राहते. तिचा तो हट्ट आपल्या जिवासाठी आहे.

ऑटोमॅटिक गाड्यांची तऱ्हा निराळी. लिव्हर ‘पी’वर पूर्ण बसल्याशिवाय त्या चावी सोडत नाहीत. लिव्हर ‘पी’वर दिसतो, पण आतलं बटण नीट दाबलं गेलेलं नसतं. एका गाडीत गिअरच्या खाचेत उसाचा रस सांडून वाळला होता. साफ केल्यावर चावी मुकाट्यानं निघाली. बॅटरी पूर्ण उतरली तरी काही ऑटोमॅटिक गाड्या चावी धरून ठेवतात, कारण ती सोडणारं सोलेनॉइड विजेवर चालतं. तिथं जंप स्टार्ट दिला की भागतं.

आता खऱ्या बिघाडाकडं येऊ. कुलपाच्या बॅरलमध्ये कमी-जास्त उंचीच्या छोट्या पितळी पत्त्या असतात आणि त्यांच्यामागं बारीक स्प्रिंगा. योग्य चावी घातली की सगळ्या पत्त्या एका रेषेत येतात आणि बॅरल फिरतो. चावी झिजली की एखादी पत्ती रेषेबाहेर राहते. झिजलेल्या चावीवरून डुप्लिकेट काढली तर ती झीजसुद्धा डुप्लिकेटमध्ये उतरते. म्हणून नव्या गाडीबरोबर चावीच्या नंबराची जी छोटी पट्टी मिळते, ती जपून ठेवा. त्या नंबरावरून मूळ मापाची चावी कापता येते. दुसरं, कुलपात खोबरेल किंवा इंजिन ऑइल घालू नका. तेलावर धूळ बसते आणि पत्त्या चिकटतात. पेन्सिलीच्या शिशाची कोरडी पूड जास्त उपयोगी पडते.

चावीला घराच्या, कपाटाच्या, दुकानाच्या चाव्या आणि वर देवाचं पितळी पदक अडकवण्याची आपल्याकडं हौस आहे. ते सगळं वजन चालत्या गाडीत कुलपावर हिंदकळत असतं. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही गाड्यांचे इग्निशन स्विच मुळातच कमकुवत होते. जड जुडग्यानं किंवा धक्क्यानं ते चालत्या गाडीत बंदच्या बाजूला सरकायचे, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. २०१४ साली लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीच्या भरपाई निधीनं १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. एवढ्याशा स्विचची ही गोष्ट आहे.

तर दोष पत्तीत असेल तर पत्ती बदलावी, हे सरळ आहे. पण बहुतेक गाड्यांना पत्त्यांचा किंवा नुसत्या बॅरलचा सुटा पार्ट काउंटरवर मागायला गेलं की उत्तर ठरलेलं असतं: “तसं येत नाही, सेटच घ्यावा लागेल.” मग आमच्यासारखे लोक भंगारातल्या कुलपांतून पत्त्या काढून, कानस मारून बसवतात. चालतं, पण हा काही रीतसर मार्ग नव्हे.

हे नुसतं गॅरेजवाल्याचं रडगाणं नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं, हा ठपका होता. कंपन्यांनी तो आदेश वरच्या न्यायालयांत नेला. पुढं केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू केलं. वाहन क्षेत्र त्यात आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. त्यावर माहिती टाकली म्हणून पार्ट काउंटरवर येत नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यात मतदारांनी २०१२ सालीच वाहन दुरुस्तीच्या हक्काच्या कायद्याला कौल दिला होता. आपण अजून संकेतस्थळावरच आहोत.

कंपन्यांचं म्हणणं मला माहीत आहे: कुलपाचे भाग सर्रास विकले तर चोरांचं फावेल. मुद्दा खोटा नाही, पण अर्धाच आहे. आताच्या गाडीची राखण पत्त्या करत नाहीत, चावीतली चिप करते. पत्त्या जुळल्या आणि चावी फिरली तरी चिप ओळखीची नसेल तर गाडी सुरू होत नाही. तरीही भीती वाटत असेल, तर आरसी बुक आणि मालकाचं ओळखपत्र बघून, नोंद करून पार्ट द्या. नोंद ठेवायला आमची ना नाही.

यात माझा स्वार्थ आहे, हे मान्य. पार्ट मिळाले तर काम माझ्याकडं येईल. पण गिऱ्हाइकाचा फायदा माझ्यापेक्षा मोठा आहे. म्हणून मागणी साधी आहे. कुलपाचे सुटे भाग किमतीसह जाहीर करा आणि कुणालाही रीतसर विका. गाडीबरोबरचं माहितीपुस्तक मराठीतून द्या. चावी अडकल्यावर काय करायचं हे त्यात एका पानावर, चित्रांसह असू द्या. ड्रायव्हिंग स्कूलनंही हे एका सकाळी शिकवावं.

तोवर वाचकांनी एवढं करावं. लॉकसेटचं एस्टिमेट हातात आलं की नेमका कुठला भाग झिजलाय, हे लिहून मागा. चावी नंबरावरून नवी कापून बघितली का, हे विचारा. आणि स्वतःच्या खिशातून पैसे मोजून लॉकसेट बदललाच, तर जुना सेट परत मागून घ्या. त्यातली बरीचशी कुलपं चांगली असतात.