विश्लेषण : सेवाशुल्क गेले, वेटरच्या पगाराचे काय?

रेस्तराँच्या बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येणार नाही, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी दिला. ग्राहकाचे किती वाचणार आणि मालकाचे किती बुडणार, याची त्यानंतर भरपूर चर्चा झाली. खटल्यात एका बाजूला रेस्तराँ व्यावसायिकांच्या संघटना होत्या, दुसऱ्या बाजूला सरकार. ज्याच्या सेवेचे हे शुल्क, तो वेटर मात्र या चर्चेत फारसा दिसला नाही.

वाद नेमका काय?

सेवाशुल्क बिलात परस्पर जोडू नये, दुसऱ्या नावानेही घेऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये जारी केली. व्यावसायिकांच्या दोन संघटना न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. सप्टेंबर २०२३ मध्ये एका संघटनेच्या सदस्यांना ‘कर्मचारी योगदान’ या नावाने कमाल १० टक्के आकारण्याची तात्पुरती मुभा मिळाली होती. अंतिम निकालात मार्गदर्शक तत्त्वे कायम राहिली आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्चापोटी भरावे लागले. स्वखुशीने दिलेल्या टिपला कोणतीच आडकाठी नाही. पुढे अपिलात खंडपीठानेही संघटनांना विचारले, की २० रुपयांच्या पाण्याच्या बाटलीचे १०० रुपये घेता, तर वातावरण आणि सेवेची किंमत त्यातच आली नाही का?

प्रश्न रास्त आहे. ग्राहकाच्या बाजूने निकालही योग्यच म्हणावा लागेल. अडचण पुढची आहे.

फाइन डायनिंगमधला वेटर करतो काय?

ताट आणून ठेवणे हा त्याच्या कामाचा सर्वात छोटा भाग. पहिला पाहुणा येण्याच्या दोन-तीन तास आधी दिवस सुरू होतो. काटे-चमचे गरम पाण्यातून काढून पुसायचे, ग्लास उजेडात धरून बोटांचे ठसे शोधायचे. मग ब्रीफिंग : आज कोणता पदार्थ नाही, कशात शेंगदाणे आहेत, कशात दूध, कोणत्या टेबलावर जैन पाहुणे आहेत, कोणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे. यातली एक चूक पाहुण्याला थेट रुग्णालयात पोहोचवू शकते.

आठ-दहा पदार्थांच्या टेस्टिंग मेन्यूत प्रत्येक पदार्थाआधी काटे-चमचे बदलतात. पुढचा पदार्थ कधी लावायचा हे शेफला आतून दिसत नाही. टेबलाचा वेग पाहून ते वेटरच सांगतो. कोणी हात धुवायला उठले, तर तो पदार्थ थांबवायचा. चौघांची ताटे एकाच वेळी टेकली पाहिजेत. उडुप्याच्या हॉटेलात एका दमात सगळी यादी म्हणणाऱ्या वेटरची स्मरणशक्ती तसूभरही कमी नसते. पण तिथे टेबल वीस मिनिटांत उठते, इथे अडीच-तीन तास चालते.

त्यात ब्रेक शिफ्ट. दुपारचे जेवण आटोपले की सुट्टी, संध्याकाळी पुन्हा हजर. मधले तीन-चार तास पगारात धरत नाहीत आणि विरार किंवा कल्याणला राहणाऱ्याला घरीही नेत नाहीत. रात्री शेवटचे टेबल कॉफीवर रेंगाळले, तर याचा जीव शेवटच्या लोकलमध्ये. या कामाचे रीतसर शिक्षणही आहे; दादरची हॉटेल मॅनेजमेंट संस्था १९५४ पासूनची. पदविका घेऊन आलेल्या या माणसाला तरीही ‘ए, शुक् शुक्’ ऐकावे लागतेच.

कमाईचे गणित कसे?

समजा, जेवण ६,००० रुपयांचे झाले. १० टक्के सेवाशुल्क म्हणजे ६०० रुपये. पाच टक्के जीएसटी ६,६०० रुपयांवर लागतो. म्हणजे शुल्कावर सरकारही ३० रुपये घेत होते. हे ६०० रुपये अनेक ठिकाणी महिनाअखेरीस ‘पॉइंट’नुसार वाटले जातात : कॅप्टनला जास्त, स्टुअर्डला कमी, भांडी घासणाऱ्याला त्याहून कमी. काही मालक फुटलेल्या काचेचे पैसे यातूनच कापतात. किती जमले, किती वाटले, हे पाहण्याची सोय कर्मचाऱ्याला सहसा नसते.

हा पैसा मूळ वेतनात नसल्याने त्यावर भविष्य निर्वाह निधी नाही. कार्डावरून आलेली आणि हॉटेलने कर्मचाऱ्यांना वाटलेली टिप प्राप्तिकराच्या दृष्टीने पगार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले. त्यामुळे हॉटेलांची करकपातीच्या जबाबदारीतून सुटका झाली. वेटरच्या हाती मात्र गृहकर्जासाठी दाखवायला उरते ते मूळ पगाराचेच, तोकडे पगारपत्रक.

मग टिप पुरेशी नाही?

नाही. टिप हसऱ्या चेहऱ्याला मिळते, भांडी घासणाऱ्याला नाही. शनिवारी रात्री मिळते, मंगळवारी दुपारी नाही. यूपीआयने तर बिलाच्या पाकिटात राहणाऱ्या नोटाही कमी केल्या. आणि कमाई ग्राहकाच्या मर्जीवर असली, की त्याची अरेरावी, स्त्री कर्मचाऱ्यांशी केलेली सलगीही मुकाट्याने सोसावी लागते. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराचे संघराज्य पातळीवरील किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच आहे. टिपमधून तुटवडा भरला नाही तर मालकाने भरावा, असा तिथे नियम आहे. पण त्यासाठी कामगाराला मालकाशीच भांडावे लागते.

फ्रान्समध्ये मेन्यूतील किमतीतच सेवा धरलेली असते. ब्रिटनने १ ऑक्टोबर २०२४ पासून टिप आणि सेवाशुल्काची पूर्ण रक्कम कर्मचाऱ्यांना देणे बंधनकारक केले. वाटपाचे लेखी धोरण आणि तीन वर्षांच्या नोंदीही ठेवाव्या लागतात.

किमतीतच पगार धरला तर?

भारतातही मालकांना मेन्यूतील दर वाढवण्यापासून कोणी रोखलेले नाही. सेवाशुल्क गेल्यावर सरळ मार्ग हाच. तरी तो सोपा नाही. न्यूयॉर्कमध्ये डॅनी मेयर या नामवंत व्यावसायिकाने २०१५ मध्ये टिप बंद करून दर वाढवले. जादा टिप कमावणारे अनेक वेटर सोडून गेले आणि २०२० मध्ये त्यांनी प्रयोग गुंडाळला. एकट्याने दर वाढवणारा शेजाऱ्यापेक्षा महाग दिसतो. आणि वाढवलेले दर पगारात उतरतीलच याची हमी कोण देणार? मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाने तक्रार कुठे करायची हे तपशीलवार दिले आहे : आधी रेस्तराँकडे, मग १९१५ या हेल्पलाइनवर, जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा ग्राहक आयोगाकडे. कार्डावर आलेली टिप मालकाने ठेवून घेतली, तर वेटरने कुठे जायचे, याची एक ओळही त्यांत नाही.