लष्करी अळीच्या शरीरात नेमकं काय घडतं?

२०१८ मध्ये भारतात पहिल्यांदा आढळलेली अमेरिकन लष्करी अळी मक्याचा पोंगा खाते. कॅम्पोलेटिस ही छोटी गांधीलमाशी या अळीच्या शरीरात अंडं घालते.

अळीही गप्प बसत नाही. तिच्या रक्तपेशी परक्या अंड्याला वेढतात, त्यावर मेलॅनिनचा काळा थर चढतो आणि अंडं मरतं. म्हणून माशी अंड्यासोबत विषाणूसारखे कण सोडते. ते या रक्तपेशींनाच निकामी करतात.

ट्रायकोकार्डमधली ट्रायकोग्रामा माशी हा सामनाच टाळते. ती पतंगाच्या ताज्या अंड्यात अंडं घालते. तिथे रक्तपेशी अजून तयारच झालेल्या नसतात.

मात्र रासायनिक कीटकनाशकापुढे दोन्ही माश्यांचं काही चालत नाही. त्यामुळे कार्ड लावून लगेच फवारणी केली, तर कार्डाचा खर्च वाया जातो.