फियाटला रेसचा कॅमशाफ्ट? माझं मत : नको



वाडे, शाळा, गणपती, कुंदा यांच्यावर इथं भरपूर लिहून झालंय. दारातल्या जुन्या गाडीवर कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. विषय जरा तेलकट आहे, पण घरचाच आहे.

बेळगावात टिळकवाडी, शहापूर, कॅम्प भागात अजून कितीतरी घरांच्या कंपाउंडात ताडपत्रीखाली फियाट उभी आहे. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून आलेली. नाव कधी डिलाइट, कधी प्रेसिडेंट, कधी पद्मिनी, पण बॉनेटखाली तेच १०८९ सीसीचं इंजिन. घरची मुलं पुण्या-बेंगळूरला नोकऱ्या करतात, हातात पैसा आहे, आणि आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची हौस आहे. फार चांगली गोष्ट. पण इंजिन एकदा उघडलं की, “उघडलंच आहे तर जरा पॉवर वाढवू,” असं सुरू होतं आणि पहिली ऑर्डर जाते ती परफॉर्मन्स कॅमशाफ्टची. माझं स्पष्ट मत आहे की घरच्या फियाटसाठी मूळ शाफ्टच्या फार तर एक पायरी वर जावं. त्यापुढचा शाफ्ट टाकणं म्हणजे गाडी पुन्हा ताडपत्रीखाली घालायची तयारी.

आत्ताच लिहायचं कारण म्हणजे माझ्या थोरल्या भावाची १९७३ सालची फियाट. भाऊ गेले, गाडी पुतण्याकडे आली. इंजिन सध्या उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये उघडून ठेवलंय. बोअर झालं, क्रँक ग्राइंड झाला, कॅमशाफ्टचा निर्णय बाकी आहे. पुतण्याच्या मनात २९० डिग्रीचा रॅली शाफ्ट. वहिनींच्या मनात (वय ७८) वेगळंच : याच गाडीतून एकदा कवळ्याला जायचं, शांतादुर्गेची ओटी भरायची आणि रात्रीपर्यंत घरी यायचं. म्हणजे चोर्ला घाट उतरायचा, आणि परत चढायचा.

“काका, तुम्ही कॉमर्सवाले, तुम्ही यात कशाला पडता?” असं पुतण्या हसत म्हणाला. बरोबर आहे. पण माझी नोकरीतली बरीच वर्षं वर्कशॉप आणि फाउंड्रीवाल्यांची कर्जप्रकरणं बघण्यात गेली. मशीन डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय होती, आणि मिस्त्री लोक समजावून सांगायला कधी कंटाळले नाहीत.

तर कॅमशाफ्ट म्हणजे काय, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. इंजिनात हवा-पेट्रोल आत यायचं एक दार आणि धूर बाहेर जायचं एक दार, प्रत्येक सिलिंडरला. ही दारं म्हणजे व्हॉल्व्ह. ती कधी उघडायची, किती उघडायची, किती वेळ उघडी ठेवायची, हे कॅमशाफ्टवरचे उंचवटे ठरवतात. फियाटमध्ये हा शाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. तिथून टॅपेट, पुशरॉड, रॉकर आणि मग व्हॉल्व्ह. शाफ्टवर जी डिग्री सांगतात ती दार किती वेळ उघडं राहतं त्याची. डिग्री जास्त म्हणजे दार जास्त वेळ उघडं. मग जास्त माल आत येईल, हो की नाही?

इथंच गफलत होते. बँकेच्या पैसे भरायच्या खिडकीचं उदाहरण घ्या. पगाराच्या तारखेला रांग दारापर्यंत असते, तेव्हा खिडकी अर्धा तास जास्त उघडी ठेवली तर भरणा वाढतो. पण रांगच नसताना खिडकी उघडी ठेवली तर भरणा वाढत नाही, उलट भरलेले लोक पैसे परत काढायला येतात. इंजिनाचं तसंच. पिस्टन खाली जाऊन वर यायला लागला तरी आत येण्याचं दार अजून उघडंच असतं. इंजिन जोरात फिरत असेल तर येणाऱ्या हवेला वेग असतो, ती आत घुसत राहते. सावकाश फिरत असेल तर वर येणारा पिस्टन तीच हवा परत कार्ब्युरेटरकडे ढकलून देतो.

आकड्यात सांगतो. या इंजिनाचा स्ट्रोक ७५ मिलिमीटर. आत येण्याचं दार पिस्टन तळाला लागल्यानंतर ५० डिग्रीनं बंद झालं, तर पिस्टन तोवर साधारण १० मिलिमीटर वर आलेला असतो. रॅली शाफ्टचं दार ७० डिग्रीनं बंद होतं असं धरलं तर जवळजवळ २० मिलिमीटर. म्हणजे स्ट्रोकचा पाव हिस्सा दाब न देताच गेला. आपल्या फियाटचं कॉम्प्रेशन मुळातच आजच्या गाड्यांच्या मानानं कमी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मोठा शाफ्ट हवा असेल तर कॉम्प्रेशन वाढवावं लागतं, त्यासाठी हेड फेस करावं लागतं, आणि पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलच्या ऑक्टेनला मर्यादा असते. फार चढवलं की इंजिन नॉक करणार.

आता गाडी प्रत्यक्षात कुठं चालते ते बघा. चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरला हे इंजिन मिनिटाला २३००-२४०० फेरे मारतं. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ताशी पंचवीसनं चढताना साधारण तितकेच. २९० डिग्रीचा शाफ्ट ३५००च्या आसपास जागा होतो आणि त्याची खरी मजा साडेपाच-सहा हजारांना. म्हणजे केरीपासून चोर्ल्यापर्यंत सगळा चढ तो झोपेतच चढणार. क्लच दाबून रेस करत, पहिल्या गिअरमध्ये. मागच्या सीटवर ओटीचं ताट घेऊन वहिनी. आमचे मिस्त्री कमी बोलतात, पण कॅटलॉग बघून एवढं म्हणाले, “साहेब, हे पोरगं गाडी बांधूलालंय का इमान?”

पुतण्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, तोही सांगतो. याच इंजिनावर इटलीत खरोखर रेस झाल्या. फियाटनं १९५३ साली ११००/१०३ काढली तेव्हा साधी गाडी ३६ अश्वशक्तीची होती. त्याच वर्षी टीव्ही नावाची जलद आवृत्ती आली, तितक्याच सीसीची, ४८ अश्वशक्तीची. पुढं १९५८ मध्ये काउंट जोव्हानी लुराणी यांच्या कल्पनेतून फॉर्म्युला ज्युनिअर सुरू झाली, तेव्हा स्टँग्वेलिनीच्या रेसगाड्यांत हेच ११००चं इंजिन होतं. त्यामुळे इंजिनात दम नाही असं मी म्हणतच नाही. पण टीव्ही करताना कारखान्यानं कॉम्प्रेशन आणि कार्ब्युरेटर यांनाही हात लावला होता. आणि फॉर्म्युला ज्युनिअरची गाडी म्हणजे हलकी, एका माणसाची, सारखी वरच्या फेऱ्यांत. इथं एकच छोटा कार्ब्युरेटर, मूळचा एक्झॉस्ट, पाच माणसं आणि डिकीत डबे. शिवाय क्रँकला आधार तीनच बेअरिंगचा. साडेसहा हजार फेरे त्याच्याकडून रोज मागू नयेत.

कॅटलॉगमधल्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. माझ्या जुन्या धंद्यातलं उदाहरण देतो. एकजण ८ टक्के फ्लॅट सांगतो, दुसरा १३ टक्के रिड्यूसिंग बॅलन्स सांगतो, आणि गिऱ्हाईक पहिल्याकडे पळतं. कॅमशाफ्टच्या डिग्रीचंही तसंच आहे. कोणी व्हॉल्व्ह जरा हलल्यापासून मोजतो, कोणी तो १.२७ मिलिमीटर उचलल्यानंतर मोजतो. एकाच शाफ्टला एक जण २७० म्हणेल, दुसरा २३०च्या आसपास. कुठल्या लिफ्टला मोजलंय ते विचारल्याशिवाय दोन शाफ्टची तुलना करू नये. आणि नुसती डिग्री नाही, दार कधी बंद होतं तो आकडा मागून घ्यावा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच.

त्याच्याही आधी आपला जुना शाफ्ट मोजावा. हे कोणी करत नाही. डायल गेज लावून आठही लोबची उंची बघायची, दहा मिनिटांचं काम. आमच्या शाफ्टचे दोन लोब बाकीच्यांपेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर झिजलेले निघाले. टायमिंग चेनही सैल झाली होती, त्यामुळे सगळी दारं उशिरा उघडत होती. भाऊ शेवटची काही वर्षं “गाडीला पिकअप राहिला नाही” म्हणायचे, तो यात गेला होता. नव्या चेनसह धड मूळ शाफ्ट बसवला तरी आम्हा सगळ्यांना गाडी नवी वाटेल.

जुन्याच शाफ्टला ग्राइंड करून मोठा करून देणारेही आहेत. स्वस्त पडतं. पण वरचा कडक थर किती उरला ते तपासून घ्या, नाहीतर हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये लोब सपाट. शाफ्ट नवा तर टॅपेटही नवे, यात काटकसर नाही. लिफ्ट वाढली की स्प्रिंग पूर्ण दबून अडकत नाहीत ना, व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना, हे पिस्टनवर मऊ माती लावून हातानं इंजिन फिरवून बघायचं. पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस मिनिटं २०००च्या आसपास ठेवायचं, स्लोला सोडायचं नाही. तेलही बघून घ्यायचं : आजच्या बऱ्याच तेलांत झिंक कमी असतं, आणि अशा जुन्या सपाट टॅपेटना ते लागतं. या सगळ्याचा खर्च शाफ्टच्या किमतीत लिहिलेला नसतो.

आणखी एक गोष्ट, बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी पन्नास वर्षांच्या वरची हवी, मूळ स्वरूपात ठेवलेली हवी, आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आमची १९७३ची गाडी वयानं बसते. ती नोंदणी घेतली की रोज वापरता येत नाही, त्यामुळे आम्ही घेऊच असं नाही. पण रॅली शाफ्ट, फेस केलेलं हेड, बदललेला कार्ब्युरेटर एवढं झाल्यावर “इंजिन मूळ आहे” असं कोणत्या तोंडानं लिहून देणार? मूळ शाफ्ट निदान तेल लावून, कापडात गुंडाळून जपून ठेवावा. भंगारात घालू नये.

तर मी पुतण्याला जे लिहून दिलं ते असं. मूळ शाफ्ट चांगल्या स्थितीतला मिळाला तर तोच. नाही मिळाला तर २६० डिग्रीच्या आतला, आत येण्याचं दार लवकर बंद करणारा, लिफ्ट थोडी जास्त चालेल. पिकअप हवाच असेल तर आधी एक्झॉस्ट मोकळा कर, जेट नीट लाव, हेड थोडंसंच फेस कर. इथेनॉलच्या पेट्रोलसाठी पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या बदल. उरलेल्या पैशात ब्रेक कर. घाटात वर जाण्याइतकंच खाली उतरणंही असतं.

त्यानं वाचलं. “काका, मग आवाज नाही येणार तसा,” एवढंच म्हणाला. म्हटलं, तुझ्या बाबांची गाडी फाटकाशी आली की घरात कळायचं, तो आवाज आम्हाला पुरे आहे. ऑर्डर त्यानं नवरात्रापर्यंत थांबवलीय. वहिनींना नवरात्रातच जायचंय.

तेव्हा बेळगाव, खानापूर, हुबळी, कोल्हापूर किंवा गोव्यात कोणाच्या माळ्यावर १०८९ सीसीचा मूळ कॅमशाफ्ट पडून असेल, लोब गुळगुळीत आणि गंज नसलेला, तर या पोस्टखाली कळवा. टॅपेट नकोत, ते आम्ही नवेच घालणार. मी स्वतः येऊन मोजून घेईन.