बागेतला भूशास्त्रज्ञ

चार्ल्स डार्विन (१८०९–१८८२) म्हटले की उत्क्रांतिवाद आठवतो आणि बहुतेकांची आठवण तिथेच थांबते. पण ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ मध्ये निघाले, त्याआधीची वीसेक वर्षे इंग्लंडमधले विद्वान त्याला भूशास्त्रज्ञ म्हणूनच ओळखत. १८३८ ते १८४१ या काळात तो जिऑलॉजिकल सोसायटीचा सचिव होता. त्याच सुमारास तो एका मोठ्या ग्रंथमालेचा संपादक होता, आणि पुढची चाळीस वर्षे त्याने केंट परगण्यातल्या आपल्या बागेत घालवली. ही तिन्ही कामे वेगवेगळी दिसतात. त्यांच्यामागचा विचार मात्र एकच होता.

वैद्यकाचा अभ्यास अर्धवट सोडून डार्विन केंब्रिजला आला तो पाद्री होण्याच्या इराद्याने. १८३१ च्या उन्हाळ्यात प्राध्यापक अॅडम सेजविक यांच्याबरोबर वेल्समधले खडक पाहत तो हिंडला आणि वर्ष सरण्याआधीच ‘बीगल’ जहाजावर चढला. कप्तान फिट्झरॉय याने त्याला चार्ल्स लायेलच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’चा पहिला खंड भेट दिला होता. पृथ्वीचे रूप एकदम घडलेल्या प्रलयांनी नव्हे, तर आजही चालू असलेल्या संथ क्रियांनी घडले, हे लायेलचे म्हणणे. ते डार्विनला डोळ्यांनी पाहायला मिळाले. केप व्हर्दे बेटांवर समुद्रापासून उंच कड्यात शिंपल्यांचा पांढरा पट्टा होता. २० फेब्रुवारी १८३५ च्या भूकंपानंतर चिलीचा किनारा काही फूट वर उचलला गेलेला होता. अँडीज पर्वतात तर हजारो फुटांवर सागरी जीवाश्म सापडले.

जमीन एकीकडे वर येत असेल तर दुसरीकडे समुद्राचा तळ खचत असणार. या एका तर्कावरून त्याने प्रवाळबेटांचे कोडे सोडवले, आणि तेही खरे प्रवाळबेट पाहण्याआधी. ज्वालामुखीचे बेट हळूहळू बुडते, त्याच्या कडेने वाढणारे प्रवाळ उजेडासाठी वर वर चढत राहतात, आणि बेट दिसेनासे झाले की मागे उरते ते खाजणाभोवतीचे कंकणद्वीप. बुडालेल्या ज्वालामुखीच्या मुखाच्या काठावर प्रवाळ वाढतात, असे लायेल मानत असे; नवी उपपत्ती ऐकून त्याने स्वतःची सोडून दिली. १८४२ च्या प्रवाळग्रंथात मालदीव आणि छागोस यांचा सविस्तर विचार आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्थानावरून दख्खनचा लाव्हा वाहिला, त्याच स्थानाने पुढे लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस यांच्या खालची ज्वालामुखी रांग उभारली, असे आजचे भूशास्त्र मानते. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचे हे भाऊबंद समुद्रात खचत गेले आणि त्यांच्यावर प्रवाळ चढले. डार्विनला हे नाते ठाऊक असणे शक्य नव्हते. पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक बेटावर १९५२ मध्ये छिद्रण झाले, तेव्हा बाराशे मीटरहून अधिक जाडीच्या प्रवाळी चुनखडकाखाली बेसाल्ट लागला आणि त्याचे म्हणणे खरे ठरले. प्रत्येक वेळी असे झाले नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लेन रॉयच्या डोंगरउतारांवरचे समांतर पट्टे त्याने जुने समुद्रकिनारे मानले. ते हिमनदीने अडवलेल्या तळ्याचे काठ निघाले.

‘बीगल’वरून आणलेल्या प्राण्यांचे वर्णन छापायला सरकारी खजिन्याने एक हजार पौंड मंजूर केले. १८३८ ते १८४३ या काळात ही माला एकोणीस अंकांत निघाली. लेखक पाच: जीवाश्मांसाठी रिचर्ड ओवेन, सस्तन प्राण्यांसाठी वॉटरहाउस, पक्ष्यांसाठी गूल्ड, माशांसाठी जेनिन्स, सरपटणाऱ्यांसाठी बेल. त्यांतला गूल्ड मध्येच ऑस्ट्रेलियाला निघून गेला आणि बेलचा मजकूर वेळेवर येईना. संपादकाच्या नशिबी जे येते ते सगळे डार्विनच्याही आले. तरी गालापागोसचे फिंच पक्षी रंगीत चित्रांसह वाचकांपुढे आले ते याच मालेतून.

१८४२ मध्ये तो लंडन सोडून डाउन गावी राहायला गेला. तब्येत कायम नरम, त्यामुळे घर, हरितगृह आणि फिरायची ठरलेली पायवाट एवढाच त्याचा परिसर उरला. माळ्यांसाठी निघणाऱ्या ‘गार्डनर्स क्रॉनिकल’मध्ये तो सामान्य वाचकासारखी पत्रे लिही. दूरच्या बेटांवर झाडे कशी पोहोचली असतील हे पाहण्यासाठी १८५५ मध्ये त्याने खाऱ्या पाण्यात बिया भिजत घातल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकरचा अंदाज होता की बिया लगेच मरतील. बाबा हूकरला हरवणार का, असे घरातली मुले विचारत राहिली. बाबांनी हरवले. ८७ जातींपैकी ६४ जातींचे बी २८ दिवसांनंतरही उगवले. पुढे तीन फूट बाय दोन फुटांचा तुकडा साफ करून त्यात उगवलेले प्रत्येक तण त्याने मोजले. ३५७ पैकी २९५ रोपे मुख्यतः गोगलगायी आणि किड्यांनी फस्त केली. जीवनसंघर्षाचा पुरावा गोळा करायला त्याला खुरपणीचा वाफा पुरला.

भूशास्त्र आणि बाग यांची सर्वांत घट्ट गाठ पडते ती गांडुळांत. शेतात पसरलेला चुना आणि राख काही वर्षांनी जमिनीखाली सापडतात, याचे कारण गांडुळे, असा निबंध त्याने १८३७ मध्येच वाचला होता. डिसेंबर १८४२ मध्ये डाउनच्या एका शेतावर खडूच्या दगडाचे तुकडे पसरले गेले. २९ वर्षांनी चर खणल्यावर ते सात इंच खाली मिळाले. एवढी वाट पाहणारा प्रयोग करायला माणूस भूशास्त्रज्ञच लागतो. अभ्यासिकेत कुंड्या ठेवून त्याने गांडुळांना पियानो ऐकवला, कागदी त्रिकोण देऊन ती कोणते टोक धरून ओढतात तेही पाहिले. ऑक्टोबर १८८१ मध्ये आलेल्या त्याच्या शेवटच्या पुस्तकात हिशेब आहे: इंग्लंडच्या पुष्कळ भागांत गांडुळे वर्षाकाठी एकरी दहा टनांहून अधिक माती वर आणतात. पुस्तकाच्या हजारो प्रती हातोहात खपल्या. समुद्रतळ खचणे आणि शेतातला दगड खचणे या गोष्टी तो एकाच दृष्टीने पाहत होता. १८७७ मध्ये स्टोनहेंजला जाऊन तिथल्या पडलेल्या शिळा किती रुतल्या आहेत हेही त्याने मोजून घेतले होते.

१९ एप्रिल १८८२ रोजी डाउनलाच त्याचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये त्याला पुरण्यात आले. गांडुळांमुळे दगड किती वेगाने रुततो हे पाहण्यासाठी बागेत एक सपाट दगड ठेवलेला होता; त्याचे मोजमाप मुलगा होरेस याने पुढे चालू ठेवले. तो दगड वर्षाला सरासरी २.२२ मिलिमीटर खाली जात होता.