निवांत रस्ते निवांतच राहू द्या

आपल्या जिल्ह्यातले आडरस्ते आता शहरातल्या सायकलस्वारांनाही आवडू लागले आहेत. थंडीच्या दिवसांत, रविवारी सकाळी यवतमाळहून बेंबळा धरणाकडे, दिग्रसहून अरुणावतीकडे, पुसदहून इसापूरकडे हेल्मेट घातलेली मंडळी पातळ टायरच्या सायकलींवर निघालेली दिसतात. त्यांच्यातल्या काहींचा पल्ला मोठा असतो. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करण्याचा त्यांचा नेम असतो. गावातला म्हातारा पारावरून पाहतो अन् म्हणतो, ‘गाडी परवडते, तरी सायकल हाणते. हे कशापायी बाप्पा?’

प्रश्न गमतीचा वाटतो, पण त्याचे उत्तर आपल्या कामाचे आहे. या मंडळींना आपला रस्ता हवा आहे, कारण तो निवांत आहे. सागाचे जंगल, दोन्ही बाजूंना पऱ्हाटी आणि तुरीची वावरे, फाल्गुनात पेटलेला पळस आणि मैलभरात एखादीच मोटारसायकल. पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब असा जाणारा ३६१, या दोन मोठ्या रस्त्यांवर लांब पल्ल्याची वाहतूक धावते. बाकी सोळाही तालुक्यांत गावांना गाव जोडणारे जे रस्ते आहेत, त्यांवर सायकलला अजून जागा आहे. ही जागा आहे तोवरच तिची किंमत ओळखा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

सायकल कुणाची?

वाचकहो, या रस्त्यांचा खरा सायकलस्वार रविवारचा नाही, रोजचा आहे. दूध घालणारा, पेपर टाकणारा, मजुरीला शेजारगावी जाणारा आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे शाळेत जाणारी पोरगी. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना, शाळा पाच किलोमीटरपर्यंत असेल तर, सायकलीसाठी अर्थसाहाय्य मिळत आले आहे. योजना चांगली आहे. पण सायकल दिली आणि रस्ता दिला नाही, तर ती सायकल जून ते सप्टेंबर पडवीत उभी राहते. चिखलात चाक फिरत नाही, रपट्यावरून पाणी वाहते, आणि बाप म्हणतो, ‘राहू दे, पाणी उतरल्यावर जाशीन.’ चार दिवस म्हणता म्हणता महिना जातो. मग दहावीनंतर शाळा सुटते, त्याचे कारण कुणाच्या दप्तरात ‘रस्ता’ असे लिहिले जात नाही.

२०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. कोरोनानंतर शाळा नुकत्याच उघडत होत्या. ज्या गावाला एसटीशिवाय दुसरे वाहन नव्हते, तिथल्या मुलांना चालणे किंवा सायकल एवढेच उरले. त्या काळात ज्याचा रस्ता धड होता, त्याची पोरे शाळेत पोचली. सायकल ही गरिबाची हक्काची एसटी आहे, हे तेव्हा कळले.

रस्ता कडेपासून फुटतो

आता रस्ता बिघडतो कसा ते पाहू. आपली जमीन काळी, भारी. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवरचा रस्ता टिकतो तो बाजूच्या नालीवर. नाली बुजली की पाणी रस्त्याच्या पोटात शिरते, खालची माती मऊ होते, वरून भरलेला ट्रॅक्टर जातो आणि डांबराची कड ढासळते. रस्ता मधून शाबूत दिसतो, पण कड खचलेली असते. सायकलवाला मात्र नेमका कडेनेच चालतो. डांबर आणि साईडपट्टी यांच्यात वीतभराचा फरक पडला, की मागून गाडी आल्यावर त्याला खाली उतरता येत नाही, आणि उतरला तर तोल जातो.

इथे आपल्याकडेही बोट दाखवले पाहिजे. नाली बुजवतो कोण? आपणच. धुरा कोरत कोरत नांगर नालीत घालतो. वावरात जायला नळी न टाकता मातीचा भराव करतो आणि पाणी अडवून ठेवतो. लोखंडी चाके न काढता ट्रॅक्टर डांबरावर आणतो. सोयाबीन, तूर रस्त्यावर पसरून वाहनांकडून मळून घेतो, त्या भुशावरून सायकलचे चाक घसरते. पऱ्हाटीच्या गंजी वळणावर रचतो, त्यामुळे पुढचे दिसत नाही. मग म्हणतो, सरकार रस्ता करत नाही.

रुंदीचा मोह

रस्ता फुटला की गावातून एकच मागणी होते, ‘रुंद करून द्या.’ हे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. २५ डिसेंबर २००० पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत डांबरी भागाची रुंदी ३.७५ मीटर आणि रहदारी फारच कमी असेल तिथे ३ मीटर धरली आहे. दोन-चार गावांच्या रहदारीला ती पुरते. रुंदी वाढली की वेग वाढतो, आणि जवळचा मार्ग शोधणारे टिपर, रेतीचे ट्रक त्याच रस्त्याने घुसतात. मग तो रस्ता निवांतही राहत नाही आणि टिकतही नाही. वणी, मारेगाव, झरी-जामणी भागातल्या लोकांना कोळशाची जड वाहने काय करतात हे सांगायला नको. तिथे मजबूत, रुंद रस्ता हवाच आणि सायकलला वेगळी पट्टी हवी. पण प्रत्येक गावरस्त्याला वणीचे औषध चालणार नाही.

इंग्लंडमध्ये २००० सालच्या वाहतूक कायद्यात कमी रहदारीच्या गावरस्त्यांना ‘निवांत रस्ता’ म्हणून जाहीर करण्याची सोय आहे, जेणेकरून पायी चालणारा, सायकलवाला आणि मोटारवाला तिघेही तो सांभाळून वापरतील. आपल्याकडे असे नाव नसले तरी अधिकार आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याची, पुलाची ताकद पाहून ठरावीक प्रकारच्या वाहनांना ठरावीक रस्त्यावर मनाई करता येते.

निवांत म्हणजे निर्धोक मात्र नव्हे. टिपेश्वरच्या बाजूला, पारवा, सुन्ना या भागांत वाघ आहे. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात ‘टी-१’ वाघिणीच्या दहशतीत शेतकऱ्यांनी काढलेले दिवस कुणी विसरलेले नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालेपर्यंत माणसे वावरात जायला भीत होती. म्हणून जंगलालगतच्या रस्त्यावर दिवस चांगला वर आल्यावर निघावे, सूर्य बुडण्याआधी परतावे, आणि एकट्याने जाऊ नये. शाळेच्या वेळाही त्या हिशेबाने ठरल्या पाहिजेत.

काय करता येईल?

पहिले, रस्ता कुणाचा ते ओळखा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. अर्ज चुकीच्या दारात गेला की वर्ष जाते. ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर फलक वाचा. काम झाल्यावर पाच वर्षे देखभाल कंत्राटदाराकडेच असते. खड्डा त्या मुदतीत पडला तर नवा निधी मागण्याचे कारणच नाही.

दुसरे, पांदणीकडे लक्ष द्या. मळ्यातून शाळेला, वावरातून गावाला जोडणारी पांदण मोकळी झाली तर सायकलचे अंतर निम्म्यावर येते. राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली, आणि बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. भाऊबंदकीत कोर्टकचेरी नको असेल तर दोन्ही धुऱ्यांनी हातभर मागे सरावे. हातभर जमिनीत किती कापूस होतो, आणि पोरीची दोन वर्षांची शाळा किती मोलाची, याचा हिशेब घरीच करावा.

तिसरे, मे महिन्यात, पावसाआधी, ग्रामसभेत एकच ठराव घ्या: नाली मोकळी, साईडपट्टीला मुरूम, आणि रपट्याच्या दोन्ही टोकांना पाण्याची खूण दाखवणारे दगड. खर्च फार नाही. विकास आराखड्यात तो बसवता येतो.

रविवारच्या सायकलस्वारांनाही विनंती आहे. तुम्ही शिकलेले, अधिकाऱ्यांशी बोलू शकणारे लोक आहात. ज्या रस्त्यावरून मजेत जाता, त्याची खचलेली कड, तुटलेला रपटा यांचे फोटो जिल्हा परिषदेत पोचवा. गावात थांबून चहा प्या, दोन पैसे तिथे राहू द्या. तुमचे आणि शाळकरी पोरीचे मागणे एकच आहे: अरुंद असेल, पण सलग आणि सुरक्षित रस्ता. दोघांनी मिळून मागितला तर तो मिळायला अवघड नाही.