सूर्याचे फोटो पुरे!

मे महिन्याची सुट्टी लागली की जळगाव-धुळ्याची निम्मी मंडळी अलिबाग, दिवेआगर नाहीतर गणपतीपुळ्याला असतात. हे मला त्यांच्या स्टेटसवरून कळतं. फोटो सगळ्यांचा एकच: मधोमध आडवी रेघ, रेघेवर पिवळा ठिपका, खाली काळपट पाणी. रात्रभर गाडीत बसून, पोरांच्या उलट्या आवरत आपण समुद्रापर्यंत जातो आणि तिथून गूगलवर फुकट मिळणारा फोटो घेऊन येतो.

दोष मोबाइलला देऊ नका. दोष आपल्या सूर्यावर नेम धरण्याच्या खोडीचा आहे.

साधं गणित बघा. आकाशात सूर्याची रुंदी असते अर्धा अंश. मोबाइल उभा धरला तर त्याच्या नेहमीच्या लेन्सला रुंदीत पन्नासेक अंश दिसतात. म्हणजे फोटोच्या रुंदीत सूर्याचा वाटा जेमतेम शंभरावा. तो मोठा वाटतो, कारण आपलं सगळं लक्ष त्याच्यावर असतं. कॅमेऱ्याला असं लक्ष नसतं. तेव्हा सूर्यास्ताचा फोटो म्हणजे खरं तर सूर्य सोडून उरलेल्या सगळ्याचा फोटो. आणि त्या उरलेल्याकडे आपण बघतच नाही.

मीही बघितलं नव्हतं. सत्तरी ओलांडल्यावर आजीने पहिल्यांदा समुद्र पाहिला, तेव्हा मी शेजारीच होतो. ‘कितलं पानी शे!’ म्हणाली आणि लुगडं वर खोचून घोट्यापर्यंत पाण्यात गेली. मी तेव्हा सूर्य टिपत होतो. एकेचाळीस फोटो. आजी एकात आहे, कडेला, अर्धी कापलेली. आजी आता नाही. तो एक सोडला तर बाकीचे चाळीस मी पुन्हा कधी उघडले नाहीत.

यूट्यूबवर यावर तोडगा सांगतात: क्षितिज मध्ये नको, एक तृतीयांशावर ठेवा. हा नियम जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली, कॅमेरा यायच्या आधी, लिहून ठेवला. नियम वाईट नाही. पण रिकामा फोटो तृतीयांशावर सरकवला तरी रिकामाच राहतो.

आधी माणूस ठरवा. मग खाली बसा. सपाट किनाऱ्यावर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीला येतं. उभं राहून काढलं तर ती रेघ समोरच्याच्या गळ्यातून जाते. बसलात तर ती कंबर-गुडघ्यापाशी उतरते आणि माणूस आकाशात उभा राहतो. आता स्क्रीनवर आकाशाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा आणि उजेड थोडा कमी करा. माणूस काळा होईल, होऊ द्या. फक्त तो बाजूने दिसू दे, म्हणजे नाक, हनुवटी, वाकलेली पाठ ओळखू येईल. दोघं असतील तर मध्ये फट हवी, नाहीतर दोघांचा मिळून एक ढिगारा होतो. ओहोटी असेल तर ओल्या वाळूत आकाश उतरलेलं असतं. फोन उलटा धरून लेन्स वाळूजवळ न्या.

आणि एकदा तरी सूर्याकडे पाठ करा. सगळे जिकडे बघतात तिकडे कॅमेरा धरण्यापेक्षा, बघणाऱ्यांच्या तोंडावर पडलेला तो तांबूस उजेड टिपा. काठाला टेकल्यापासून सूर्य दोन-अडीच मिनिटांत बुडतो आणि गर्दी लगेच भेळेच्या गाडीकडे पळते. रंग मात्र पुढे वीस मिनिटं टिकतात. तेवढं थांबा.

‘पण भो, आपल्याकडे समुद्रच नाही, सराव करायचा कुठे?’ ही सबब खानदेशात तरी चालायची नाही. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) जन्माने मुंबईचे, म्हणजे समुद्राकाठचे. पण आयुष्य काढलं चाळीसगावात, स्टेशनजवळच्या एका घरात, आणि कित्येक दशकं त्या घराचा उंबरा क्वचितच ओलांडला. घरातल्या टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांच्यावर उजेड पाडून त्यांनी दृश्यं उभी केली आणि त्या फोटोंना देशोदेशी बक्षिसं मिळाली. कुठली वस्तू कुठे ठेवायची, उजेड कुठून यायचा, काय गाळायचं, हे ठरवणं म्हणजे मांडणी. ती शिकायला त्यांना समुद्र लागला नाही. आपल्याला का लागावा?

शिवाय आपली तापी पश्चिमेला वाहते. चांगदेवला पूर्णा तिला मिळते, मुडावदला पांझरा. संध्याकाळी काठावर उभं राहिलं की सूर्य नदीच्या वाटेनेच खाली जातो. तेही लांब वाटत असेल तर जळगावात मेहरूण तलाव आहे. तिथे चार संध्याकाळी घालवा, मित्राला उभं करा, बसून काढा, फसवा, पुन्हा काढा. समुद्र वर्षा-दोन वर्षांतून एकदा भेटतो. तिथे जाऊन शिकायला वेळ नसतो.

पुढच्या सुट्टीत तुमच्या स्टेटसवर मला सूर्य नको. पाण्यात पाय बुडवून उभी असलेली तुमची आई दाखवा. सूर्य असेलच तिच्या मागे कुठेतरी.