विश्लेषण : लॉकरमधल्या मोबाइलची बॅटरी का उतरते?

शिर्डीत साई समाधी मंदिरात मोबाइल नेता येत नाही. दर्शनरांगेत उभे राहण्यापूर्वी भाविक तो जमा करतात. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमीच्या उत्सवांत दर्शनाला कित्येक तास लागू शकतात. तेवढा वेळ फोनला कोणी हात लावत नाही, स्क्रीनही बंद असते. तरीही परत मिळालेल्या फोनची बॅटरी उतरलेली दिसते. मागे सुरू राहिलेली अ‍ॅप हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मोबाइल नेटवर्कच्या कार्यपद्धतीत आहे. त्याला ‘पेजिंग’ म्हणतात.

पेजिंग म्हणजे काय?

फोन वापरात नसतो तेव्हा तो नेमक्या कोणत्या टॉवरखाली आहे, याची नोंद नेटवर्क ठेवत नाही. अनेक टॉवरांचा मिळून एक विभाग केलेला असतो आणि फोन कोणत्या विभागात आहे, एवढेच नेटवर्कला ठाऊक असते. कॉल किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आला की त्या विभागातील टॉवर त्या फोनला हाक देतात. गर्दीत हरवलेल्या माणसाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारावे, तसाच हा प्रकार. फोनने ‘ओ’ दिली की कॉल जोडला जातो.

यात बॅटरी कशी खर्च होते?

हाक ऐकण्यासाठी फोनला जागे व्हावे लागते. तो सतत जागा राहिला तर बॅटरी फार लवकर संपेल. म्हणून फोरजी आणि फाइव्हजीमध्ये प्रत्येक फोनला हाक ऐकण्याची वेळ ठरवून दिलेली असते. हे चक्र साधारणपणे ०.३२ ते २.५६ सेकंदांचे असते. ते १.२८ सेकंदांचे धरले तर फोन दिवसात ६७,५०० वेळा जागा होतो आणि लॉकरमधल्या तीन तासांत आठ हजारांहून अधिक वेळा. दर वेळी त्याला आधी टॉवरच्या सिग्नलशी जुळवून घ्यावे लागते. सिग्नल कमकुवत असेल तर त्यात जास्त वेळ जातो. लोखंडी कपाटात रेंज गेली, तर टॉवर शोधण्याचा खर्च आणखी वाढतो.

गर्दीचा याच्याशी काय संबंध?

ऐकण्याची एकच वेळ अनेक फोनच्या वाट्याला येते. हाक एकासाठी असली तरी त्या वेळेचे सगळे फोन ती ऐकतात, आपले नाव नाही हे पाहतात आणि पुन्हा झोपतात. एका भागात फोन जितके जास्त, तितकी अशी वाया जाणारी जाग जास्त.

यावर उपाय आहे का?

आहे आणि त्यामागची कल्पना जुनी आहे. १९९० च्या दशकातले पेजर एका छोट्या सेलवर कित्येक दिवस चालत, कारण ते फक्त आपल्या वाट्याच्या वेळेपुरते ऐकत. मोबाइलची जागतिक मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेने २०२२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘रिलीज १७’मध्ये फाइव्हजीसाठी पुढची पायरी दिली. एका वेळेच्या फोनचे आठपर्यंत उपगट करता येतात आणि हाक कोणत्या उपगटासाठी आहे, याची छोटी पूर्वसूचना आधी जाते. बाकीचे फोन झोपूनच राहतात. मुख्य रेडिओ बंद ठेवून अगदी कमी विजेवर चालणाऱ्या वेगळ्या रिसीव्हरने जागे करण्याच्या पद्धतीचा अभ्यास ‘रिलीज १८’मध्ये झाला.

मग फोनला जास्त वेळ झोपू का देत नाहीत?

झोप वाढली की हाक उशिरा पोहोचते. राहात्याच्या पेरूबागेत मातीचा ओलावा मोजणाऱ्या यंत्राला त्याने फरक पडत नाही. अशा उपकरणांसाठीच्या एनबी-आयओटी तंत्रात झोपेचे चक्र जवळपास तीन तासांचे ठेवता येते. माणसाच्या फोनला तेवढा उशीर चालत नाही. म्हणूनच झोप न लांबवता अनावश्यक जाग टाळणारी पूर्वसूचनेची पद्धत महत्त्वाची ठरते.

ग्राहकाच्या हाती काय?

जमा केलेला फोन कोणी उचलणारच नसतो. तेव्हा तो देण्यापूर्वी बंद किंवा ‘फ्लाइट मोड’मध्ये ठेवला तर काहीच बिघडत नाही. दर्शनानंतर चुकामूक झालेल्या घरच्यांना शोधणे, यूपीआयने पैसे देणे, साईनगर शिर्डी स्थानकावर तिकीट दाखवणे, हे सारे त्याच बॅटरीवर अवलंबून असते.

पण सगळा भार ग्राहकावर टाकणे योग्य नाही. पूर्वसूचनेची सोय ऐच्छिक आहे. फोन आणि नेटवर्क या दोघांतही ती असेल तरच तिचा उपयोग होतो. फोन विकताना बॅटरी किती एमएएचची, हे ठळक छापले जाते, पण ती वाचवणारी ही सोय फोनमध्ये आहे का, याचा उल्लेख सहसा नसतो. कंपन्यांनी तो करावा. मोबाइल सेवा कंपन्यांनीही ती कुठे सुरू केली, हे जाहीर करावे आणि सुरुवात शिर्डीसारख्या गर्दीच्या ठिकाणांपासून करावी. मोठी बॅटरी ग्राहक पैसे मोजून घेतो, पण दुसऱ्याच्या हाकेने होणारी फोनची झोपमोड त्याला पैसे देऊनही थांबवता येत नाही. ते काम कंपन्यांचेच आहे.